फॉस्फरसचा आकडा हलका घेऊ नकोस

सुनीलभाऊ, डायलिसिसच्या पहिल्या महिन्यात सगळे क्रिएटिनिनच (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) विचारतात. मीही तेच करायचो. आता सात वर्षं फोंड्याहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातोय, म्हणून सांगतो: रक्तातले फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरक) हे तिन्ही आकडे एकत्र बघ, आणि वहीत तारखेसह लिही. एकाच रिपोर्टने घाबरू नकोस, चढ-उतार बघ.

फॉस्फरस सतत ५.५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर राहिला की रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात आणि हृदयावर ताण येतो. अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. दुखत काहीच नाही, हीच खरी भीती. पीटीएच खूप वाढलं तर हाडं झिजतात, पण फार खाली गेलेलंही चांगलं नव्हे.

जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर फुकट. सुक्या सुंगटांत (कोळंबीत) फॉस्फरस असतो, पण पावसाळ्यात त्यांची किसमूर (सुकी कोशिंबीर) मलाही सोडवत नव्हती! ती अगदी क्वचित, चिमूटभर. कोला मात्र बंदच, कारण त्यातला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच, जवळजवळ सगळा अंगात शोषला जातो. मासे पूर्ण सोडू नकोस, प्रथिनं लागतातच. किती खायचे, ते आहारतज्ज्ञांना विचार.