आधी नोंदवही उघड

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या चर्चची ‘मंडळी जरा थंडावली आहे’ असं तू लिहिलंस. थंडावली म्हणजे काय रे? माणसं कमी झाली, की माणसं तेवढीच आहेत पण नुसती येऊन बसतात? या दोन दुखण्यांना एकच औषध चालत नाही. म्हणून नव्या उपक्रमांचा कागद बाजूला ठेव आणि गेल्या दहा वर्षांच्या नोंदवह्या काढ. बाप्तिस्मे किती, दफनं किती, ते शेजारी शेजारी मांड. नाताळ आणि ईस्टर वगळून रविवारची सरासरी हजेरी काढ. दानार्पणातलं किती इमारतीवर जातं आणि किती माणसांवर, तेही पाहा.

मी हे फार उशिरा केलं. सात वर्षं वार्षिक अहवालात तीच सभासदसंख्या उतरवत होतो. ज्यांच्या कबरीवर मी स्वतः माती टाकली, त्यांचीही नावं त्या यादीत होती. कुणाला फसवायचं नव्हतं, नाव खोडायला हात धजत नव्हता इतकंच. पण त्या यादीच्या भरवशावर आम्ही सगळे निवांत झोपलो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सार्दीस नगरातल्या मंडळीला प्रभूने काय सुनावलं ते तुला पाठ आहे: जिवंत म्हणून तुझं नाव आहे, पण तू मेलेली आहेस. यावर मी कितीतरी उपदेश केले. माझ्या टेबलावरच्या वहीशी त्याचा संबंध आहे हे मात्र सुचलं नाही.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी कुणीतरी म्हणेल, ‘जगभर हेच चाललंय.’ खोटं नाही ते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 59.3 टक्के होते, 2021 मध्ये 46.2 टक्के. पण तुमच्या तिसऱ्या बाकावरचं कुटुंब का आलं नाही, हे त्या आकड्यातून कळणार नाही. कुणी नोकरीसाठी दूर गेलं असेल, कुणाची मुलं दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालं आणि परत फिरकलीच नाहीत, कुणाचं कमिटीतल्या भांडणात मन दुखावलं असेल. त्यांच्या घरी जा. परत या म्हणू नकोस, फक्त विचार आणि ऐकून घे. पहिल्या दोन-तीन भेटींत खुलासे द्यायला जीभ वळवळेल. आवर.

मग मंडळीला सांगायची वेळ येईल. इथे बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक पुन्हा वाच. यरुशलेमेत येऊन तीन दिवस झाल्यावर तो रात्री थोड्या माणसांना घेऊन पडका तट पाहून आला, आणि तोवर अधिकाऱ्यांना एका शब्दाने बोलला नाही. बोलला तेव्हा मात्र ‘तुमची दुर्दशा’ म्हणाला नाही, आपली म्हणाला. राजवाड्यातून आलेला माणूस तो! ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं अंतर मराठीत लगेच ऐकू येतं, तेव्हा जपून बोल. लोक रागावतील, काही रडतील. त्याच सभेत पुढची योजना मांडू नकोस. ज्या मंडळीत त्यांची लग्नं लागली, ती आटते आहे हे ऐकून घ्यायला त्यांना काही आठवडे लागतील.

सर्वांत अवघड आहे काहीतरी बंद करणं. मोशेने पितळेचा साप देवाच्याच आज्ञेने केला होता आणि त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसं वाचली होती. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. तुमच्याकडेही असं काही असेल: एके काळी खरोखर जीव वाचवलेली सभा, जिला आता चार माणसं केवळ सवयीने येतात. फोडण्याआधी तिचे आभार मान, एवढं मात्र हिज्कीयाहून जास्त कर.

गिटार आणि प्रोजेक्टर कुणीतरी सुचवेलच. घ्या हवं तर, माझं भांडण नाही. मला फक्त एवढं विचारायचं आहे, की चर्चच्या दारापासून दहा मिनिटांच्या चालीत राहणारी अशी किती माणसं आहेत, ज्यांचं नावही मंडळीतल्या कुणाला ठाऊक नाही? एकटे म्हातारे, रात्रपाळीवरून येणारे, नुकतेच राहायला आलेले. मंडळी कुणासाठी आहे याचं उत्तर बहुधा त्यांच्यातच कुठेतरी सापडेल. सुरुवातीला त्यांच्यापैकी एकही जण रविवारी आला नाही तरी चालेल.

उपासनेची वेळ बदलावी का, असं तू विचारलं होतंस. ते मी मुद्दामच टाळलं. आधी त्या दोन ओळी कळव, बाप्तिस्म्यांची आणि दफनांची.

तुझा,
एक जुना पाळक