एका फेरीचे चौदा हजार

प्रश्न (मूळ पत्र थोडक्यात) : मी ४१ वर्षांचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत धाकट्या भावासोबत टेरी टॉवेलचा कारखाना चालवतो. फर्ममधून घरासाठी महिन्याला साडेतीन लाखांची उचल असते. म्युच्युअल फंडात ८५ लाख, एफडीत ४० लाख आणि कुंभारीला एक प्लॉट आहे. मला बीएमडब्ल्यू एम२ घ्यायची आहे, मॅन्युअल गिअरची. ऑन-रोड कोटेशन १ कोटी २८ लाखांचं आहे. ४८ लाख फंडातून काढून उरलेल्या ८० लाखांचं पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी कर्ज घेईन. वर्षातून दोनदा गाडी चेन्नईच्या रेसिंग ट्रॅकवर न्यायचा विचार आहे. डीलर म्हणतो, मॅन्युअलवाली पुढे मिळणार नाही, किंमत टिकेल. सीए म्हणतात, फर्मच्या नावावर घ्या. वडील म्हणतात, एवढ्यात नवे माग येतील. पाच लाख देऊन बुकिंग केलं आहे. गाडी तेवढ्या किमतीची आहे का?

उत्तर : आधी वडिलांचं बोलणं बाजूला काढू या. ऐकायला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि मला ते अजिबात पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की आहेत त्यातले सहा माग दिवाळीपासून एकाच पाळीत चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तुमचा मुंबईचा निर्यातदार गप्प झाला आणि गोदामात पांढऱ्या टॉवेलचे गठ्ठे छताला टेकले. अर्धा दिवस बंद असणाऱ्या मागाशेजारी आणखी एक माग उभा करायला मी तरी पैसे देणार नाही. तेव्हा गाडी की माग असा प्रश्नच नाही.

आणखी एक हिशोब मी करणार नाही. ४८ लाख पंधरा वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर २ कोटी होतात, म्हणून गाडी ‘खरं तर’ दोन कोटींनी महाग पडते, वगैरे. आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्यातले लोक हा हिशोब फार आवडीने मांडतात. तो लावायचा म्हटलं तर माणसाला एप्रिलमध्ये हापूसची पेटीसुद्धा आणता येणार नाही. पैसे मिळवता ते कधीतरी खर्च करायलाच. तुम्हाला गाड्यांचं वेड आहे, ते ठीक आहे. मला बघायचंय ते एवढंच, की हे पैसे त्या वेडावर खर्च होतात की दुसऱ्याच कशावर.

या गाडीत पैसे कशाचे जातात ते बघा. तीन लिटरचं, दोन टर्बोचं, सहा सिलिंडरचं इंजिन. ४८० हॉर्सपॉवर, ताकद फक्त मागच्या चाकांना. त्याला साजेसे ब्रेक, जादा रेडिएटर, वळणात मागची दोन्ही चाकं बांधून ठेवणारं डिफरन्शियल. यातली प्रत्येक गोष्ट ताशी १८० वरून पुन्हा पुन्हा ७० वर येण्यासाठी घडवलेली आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला त्यातलं काहीही कामाला येत नाही. पुणे हायवेलाही फार नाही. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर कारला कायद्याने ताशी १०० ची मर्यादा आहे आणि ही गाडी तिथे चार सेकंदांच्या आसपास पोचते. म्हणजे सावळेश्वरचा टोलनाका सुटला की चार सेकंदांत मजा संपली, पुढे इंदापूरपर्यंत तुम्ही आणि ट्रक.

शिवाय कोटेशनमधला मोठा भाग गाडीचा नाहीच. एम२ भारतात बनत नाही, तयार होऊनच येते, मेक्सिकोतल्या सॅन लुईस पोटोसीच्या कारखान्यातून. अशा महागड्या आयात गाडीवर ११० टक्के सीमाशुल्क, त्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी. शंभर रुपयांचा माल बंदरातून बाहेर येईपर्यंत २९४ रुपयांचा होतो. मग आपला आरटीओ आयात गाडीला २० टक्के लावतो. हे बेकायदेशीर नाही, अन्यायही म्हणत नाही मी. पण ‘किंमत टिकेल’ म्हणणाऱ्या डीलरला एक विचारा. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४८ चा ४० टक्के झाला, तेव्हा ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्या माणसाचं काय झालं? नवी गाडी स्वस्त झाली की जुनी त्याच दिवशी उतरते. ब्रिटनशी २०२५ च्या जुलैत झालेल्या व्यापार करारात तिथल्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं आहे. वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं. तुमच्या किमतीतला कराचा वाटा हा सरकारच्या एका अधिसूचनेवर उभा आहे.

‘मॅन्युअलची शेवटची पिढी’ हे खरं असेलही. पण शेवटच्या पिढीची म्हणून किंमत मिळते ती झाकून ठेवलेल्या, पाच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला. ट्रॅकवर नेलेल्या, बंपरवर खडीचे टवके उडालेल्या गाडीला गिऱ्हाईक आधी तेच टवके दाखवून भाव पाडतं. पैठणी रोज नेसायची आणि नवीकोरीही ठेवायची, हे जमत नाही. चालवायची असेल तर घ्या, राखायची असेल तर सोनं घ्या, त्याला निदान पुण्याला सर्व्हिसिंगला न्यावं लागत नाही.

आता चालवायची धरून चला. पाच वर्षांनी ६० लाख आले असं मानू. हा माझा अंदाज आहे आणि फार कंजूष नाही. म्हणजे वर्षाला घसारा १३ लाख ६० हजार. कर्जाचं व्याज पाच वर्षांत साधारण २० लाख ८० हजार, वर्षाला ४ लाख १५ हजार. विमा सरासरी ३ लाख, सर्व्हिस आणि टायर २ लाख. चेन्नई इथून साडेआठशे-नऊशे किलोमीटर. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या ट्रकवर घालून नेणं-आणणं, ट्रॅकची फी, हॉटेल, झिजलेले ब्रेक पॅड मिळून खेपेला सव्वा लाख धरू. दोन खेपांचे अडीच. वर्षाचे झाले २५ लाख २५ हजार.

ट्रॅकवर दिवसभर गाडी चालवायला मिळते असं वाटत असेल तर नाही. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात. दिवसाला पाच पाळ्या, खेपेला दोन दिवस, वर्षाला दोन खेपा : ४०० मिनिटं. मिनिटाला ६,३१२ रुपये पडले. चेन्नईजवळचा, इरुंगट्टुकोट्टईचा तो ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. नवखा माणूस सव्वादोन मिनिटांत एक फेरी मारतो असं धरलं तर फेरीला १४ हजारांच्या वर.

महाग आहे का? फेऱ्या मारायला आवडत असेल तर कदाचित नाही. पण तुमच्या दीड पानी पत्रात गाडीच्या रंगाबद्दल चार ओळी आहेत, सायलेन्सरच्या आवाजाबद्दल तीन, आणि तुम्ही आजवर कधी ट्रॅकवर गाडी चालवली का, याबद्दल एक अक्षर नाही.

मी एकदा गेलोय, चालवायला नाही, एका अशिलाच्या शेजारी बसून. त्याची गाडीही जर्मन होती, तुमच्यापेक्षा थोडी जुनी. पहिल्या तीन फेऱ्यांत मी डोळे मिटून होतो. चौथ्या फेरीत सरळ पट्टी संपताना त्याने ब्रेक दाबला आणि पॅडल भाकरीच्या पिठात पाय रुतावा तसं खाली गेलं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. आत आलो तेव्हा टायरच्या कडेला रबराच्या बारीक गोळ्या चिकटलेल्या, आणि चाकांतून असा वास, की माझ्या कपड्यांना सोलापूरपर्यंत आला. एम२ पावणेदोन टनांच्या आसपासची आहे. एवढं वजन थांबवायचं म्हणजे ब्रेक आणि टायर दोन्ही खाणार. त्या दिवशी आमच्या पुढे सतत कोण होतं सांगू? मागची सीट काढून टाकलेली एक जुनी पोलो. पोरगं पंचविशीचं असेल. अशील रात्री जेवताना फारसा बोलला नाही, आणि वर्षभराने त्याने गाडी विकली.

विम्याकडे येतो, कारण इथे लोक खरे बुडतात. तुमच्या कारच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वापर वगळलेला आहे. ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर हौसेने गाडी चालवायचा दिवस, ही शर्यत नव्हे, असा वाद घालता येतो, पण तो तुम्ही विमा कंपनीशी घालणार, तेही भिंतीला आपटलेली गाडी फ्लॅटबेडवर उभी असताना. दावा नाकारला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. ज्या गाडीला ट्रॅकवर विमा नाही, ती गाडी कर्जावर घेऊन ट्रॅकवर नेऊ नये. एवढी एक गोष्ट मी तुम्हाला सल्ला म्हणून नाही, अट म्हणून सांगतो.

सीएंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. फर्मच्या नावावर घेतली तर घसारा १५ टक्क्यांनी मिळतो, पहिल्या वर्षी साधारण १९ लाख. त्यावर कर वाचतो सहा लाखांच्या आसपास, पुढे दरवर्षी कमी कमी. जीएसटीचं क्रेडिट मात्र प्रवासी कारला मिळत नाही. आणि गाडी धंद्यासाठी वापरली हे दाखवावं लागतं. दोन दारांची कूप घेऊन तुम्ही सुताच्या व्यापाऱ्याकडे जाता, असं अधिकाऱ्याला सांगताना तुम्हालाच हसू येईल. खासगी वापराएवढा खर्च तो नामंजूर करू शकतो. त्याहून मोठी अडचण घरातली आहे. फर्म दोघांची. निम्मी गाडी भावाच्या भांडवलातून येणार आणि चालवणार तुम्ही एकटे. भाऊ आज काही बोलणार नाही. वाटणीच्या दिवशी वहिनी बोलतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

आता सगळ्यात साधी बेरीज, जी तुमच्या पत्रातल्या आकड्यांतूनच निघते आणि तुम्ही ती केलेली नाही. उचल साडेतीन लाख. घरखर्च १ लाख ४० हजार, मुलीचं कोचिंग आणि हॉस्टेल ४० हजार, एसआयपी ६० हजार. उरतात १ लाख १० हजार. गाडीचा हप्ता १ लाख ६८ हजार. म्हणून तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत, ‘एसआयपी काही दिवस थांबवतो’. थांबवली तरी महिन्याला हातात राहतात दोन हजार रुपये. विमा, टायर, चेन्नई हे दोन हजारांतून होणार नाही. ते सीसीतून, म्हणजे फर्मच्या बँकेतल्या कॅश क्रेडिटच्या उधारीतून होणार. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा नियम आला तरी तुमचे व्यापारी शंभर-सव्वाशे दिवस लावतात, सीसी आधीच काठोकाठ असते, आणि सुताचा भाव कुणाला विचारून वाढत नाही. मुलगी दहावीत आहे. कर्ज संपेल तेव्हा ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असेल. फंडातले ४८ लाख काढताना नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली कर लागेल, तोही कोटेशनमध्ये नाही.

तेव्हा या वर्षी, या पद्धतीने, नाही. गाडी वाईट म्हणून नाही. तुम्ही सव्वा कोटी देऊन जे घेताय ते तुम्हाला आवडतं की नाही हे तुम्हाला अजून माहीतच नाही, म्हणून.

गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटी चेन्नई किंवा कोइम्बतूरला ट्रेनिंग स्कूलचा दोन दिवसांचा कोर्स करा. गाडी त्यांची, हेल्मेट त्यांचं. खर्च तुमच्या एका हप्त्यापेक्षा कमी. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, पण शिकायला लहान ट्रॅक बरा. परत आल्यावरही झोप उडालेली असेल, तर आठ-नऊ लाखांत एक जुनी पोलो जीटी घ्या, ब्रेक आणि टायर चांगले घाला, रोख पैशाने. आपटली तर वाईट वाटेल, रात्र जागून काढावी लागणार नाही. दोन वर्षांत दहा वेळा ट्रॅकवर गेलात, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण तीन-चार वर्षं वापरलेली एम२ बघू, घसाऱ्याचा पहिला घाव दुसऱ्याने सोसलेली, आणि कर्ज न काढता. त्यासाठी आजपासून त्या १ लाख १० हजारांतले ७० हजार वेगळ्या खात्यात टाकत जा. एसआयपीला हात लावू नका. आणि दोन वर्षांत दोनदाच गेलात, तर पोलो विकून टाका. फार तर दोन-तीन लाख जातील.

राहिलं बुकिंग. फॉर्मच्या मागच्या बाजूला रद्द करण्याच्या अटी असतात, त्या वाचा आणि ईमेलने लेखी कळवा, फोनवर नको. सेल्समनचा आवाज ऐकला की तुम्ही विरघळाल. पैसे पूर्ण परत मिळाले तर उत्तम. काही कापले तर कापू द्या. पाच लाख वाचवण्यासाठी १ कोटी २३ लाख भरायचे, असा व्यवहार तुम्ही सुताच्या गिरणीशी कधी केला असता का?