नगरपालिका एकत्र केल्यावर राजकारणात नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न असा आहे: शेजारच्या चार-सहा लहान नगरपालिका मिळून एक मोठी केली की खर्च वाचतो असं सांगतात, पण त्याचे राजकीय परिणाम काय होतात?

खर्चाचं आधी उरकून टाकतो. डेन्मार्कने २००७ साली २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. प्रशासनावरचा खर्च उतरला, पण बाकीच्या सेवा धरून हिशेब मांडला तर तो जवळपास जिथल्या तिथे राहिला. म्हणून 'बचत होईल' हे वाक्य ऐकलं की मी एकच गोष्ट बघतो: आता कोणाची मतं कोणाबरोबर मोजली जाणार? माझ्या मते विलीनीकरणाचा खरा परिणाम तिथेच असतो.

गंमत म्हणजे हे राजकारण विलीनीकरणाच्या तारखेआधीच सुरू होतं. समजा पाच हजार वस्तीचं गाव पंचेचाळीस हजारांच्या शहरात जाणार आहे. जायच्या आदल्या वर्षी गावाने कर्ज काढून क्रीडागृह बांधलं, तर त्या कर्जाच्या शंभर भागांपैकी नव्वद भाग शहरवाले फेडणार. मग कोण हात आखडता घेईल? स्वीडन आणि डेन्मार्क, दोन्हीकडे लहान भागीदारांनी असा शेवटच्या क्षणी हात मारून घेतल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

जपानने तर आमिषच ठेवलं होतं. तिथे १९९९ साली ३,२३२ स्थानिक संस्था होत्या, २०१० पर्यंत १,७२७ उरल्या. जे एकत्र येतील त्यांना प्रकल्पाच्या खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत खास कर्जरोखे काढायची मुभा होती आणि त्या परतफेडीचा ७० टक्के भार केंद्र उचलणार होतं. शिवाय जुन्या सदस्यांना निवडणूक न लढवता दोन वर्षांपर्यंत खुर्ची टिकवता येत होती. विरोध करणाऱ्याचीच सोय आधी लावायची, हा उपाय कुठल्याही मुरलेल्या राजकारण्याला लगेच पटेल.

पुढे मात्र हे राज्यकर्त्यांवरच उलटलं. गावोगावचे नगरसेवक म्हणजे सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचं पायदळ. घरोघर ओळख असलेली, मतदाराला मतदान केंद्रापर्यंत आणणारी ही माणसं. संस्था घटल्या तशी ती खुर्च्यांसकट गेली, आणि जिथे ती जास्त घटली तिथे पक्षाला राष्ट्रीय निवडणुकीत मतं गोळा करणं जड गेलं.

सामान्य मतदाराचं काय होतं? प्रभाग मोठा झाला की उमेदवार ओळखीचा राहत नाही, मग लोक चिन्ह बघतात. अपक्षाची पंचाईत होते, पक्षांचं फावतं. डेन्मार्कमध्ये एकत्र झालेल्या ठिकाणच्या लोकांना 'इथलं राजकारण आपल्याला कळतं, त्यात आपण काही करू शकतो' असं पूर्वीपेक्षा कमी वाटू लागलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातल्या टोरांटोचं. १९९७ मध्ये ओंटारियो प्रांताच्या माइक हॅरिस सरकारने तिथल्या सहा नगरपालिका एकत्र करायचं ठरवलं. लोकांच्या कौलात सुमारे तीन चतुर्थांश मतं विरोधात गेली, तरी विधेयक पुढे रेटलं. विरोधकांनी बारा हजारांवर दुरुस्त्या मांडल्या. त्यांतल्या कित्येक एकेका रस्त्याच्या नावाने, त्या रस्त्यावरच्या रहिवाशांचं म्हणणं ऐका असं सांगणाऱ्या. दिवसरात्र कामकाज चाललं. एकदा सत्ताधाऱ्यांकडून वेळेवर 'नाही' आलं नाही आणि कॅफॉन कोर्ट नावाच्या रस्त्याची दुरुस्ती चक्क मंजूर झाली! नंतर ती काढून टाकली, पण मला ही गोष्ट फार आवडते.

१९९८ पासून शहर एक झालं. पहिला महापौर झाला मेल लास्टमन, तो उपनगरातल्या नॉर्थ यॉर्कचा आधीचा महापौर. २०१० साली रॉब फोर्ड उपनगरांच्या जोरावर महापौर म्हणून निवडून आला. जुन्या शहराच्या मध्यभागाचा कौल वेगळा होता. लगेच पुढच्या वर्षी सभागृहाने मध्यवस्तीतल्या जार्व्हिस रस्त्यावरचा सायकलमार्ग काढायचा ठराव केला. तिथून गाडीने ये-जा करणारे आणि तिथे राहणारे आता एकाच यादीतले मतदार होते, आणि राहणारे संख्येने कमी.

म्हणूनच वेळापत्रक आणि प्रभागरचना यांकडेही लक्ष ठेवा. दिल्ली महापालिकेचे २०१२ मध्ये तीन तुकडे झाले, २०२२ मध्ये ते पुन्हा जोडले, जागा २७२ वरून २५० झाल्या. या जोडणीमुळे एप्रिलच्या सुमाराला अपेक्षित असलेली निवडणूक डिसेंबरवर गेली. त्याने निकाल सत्ताधाऱ्यांच्या बाजूने लागेलच असंही नाही: पंधरा वर्षं सत्तेत असलेल्या भाजपला १०४ आणि आम आदमी पक्षाला १३४ जागा मिळाल्या.

आणि पटलं नाही तर मोडता येतं का? येतं, पण अर्धवट. कॅनडाच्याच क्युबेक प्रांतात मॉन्ट्रियल बेटावरच्या नगरपालिका २००२ मध्ये एक केल्या. २००३ च्या प्रांतिक निवडणुकीत उदारमतवादी पक्षाने फारकतीसाठी जनमत घेण्याचं आश्वासन दिलं, जिंकला आणि २००४ मध्ये मतदान घेतलं. नुसतं बहुमत पुरणार नव्हतं. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ३५ टक्क्यांनी 'वेगळं व्हायचं' म्हणणं आवश्यक होतं. १५ नगरपालिका २००६ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांना आपापला महापौर परत मिळाला, पण पोलीस, अग्निशमन, सार्वजनिक वाहतूक यांचे निर्णय आजही संपूर्ण बेटाच्या संयुक्त परिषदेत होतात, आणि तिथे मॉन्ट्रियलचं पक्कं मताधिक्य आहे.