40 मेल गेले, उत्तर आलं एक

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. मेकॅनिकलमधून एम.टेक. झालंय, प्रोजेक्ट सीएफडीचा होता, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं कॉम्प्युटरवर सोडवणं, फ्लुएंट या तयार सॉफ्टवेअरवर. न्युमरिकल मेथड्समध्येच (समीकरणं कॉम्प्युटरवर आकड्यांनी सोडवायच्या पद्धती) पीएचडी करायचीय म्हणून जर्मनीतल्या 40 प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंच उत्तर आलं, सध्या जागा नाही म्हणून. जागा शोधायच्या तरी कुठे, आणि माझं चुकतंय काय?

उत्तर : अरे, चाळीसच्या चाळीस मेल सारखेच होते ना? फक्त वरचं नाव बदललेलं? असे मेल ते लोक उघडून लगेच बंद करतात, मीही तेच केलं असतं.

जर्मनीत पीएचडी म्हणजे बऱ्याचदा चक्क नोकरी असते, तिची जाहिरात निघते, आणि गंमत म्हणजे त्या जाहिरातीत पीएचडी हा शब्द वर नसतोच कधीकधी, तिथे लिहिलेलं असतं ‘विसेनशाफ्टलिशे मिटआर्बायटर’, पगार ई-13 या श्रेणीचा, आणि पुढे पूर्णवेळाच्या किती टक्के नोकरी ते, म्हणजे 75 टक्के असेल तर पगारही तेवढाच. नेदरलँड्सच्या जागा अकॅडेमिक ट्रान्सफर या साइटवर असतात, साधारण 4 वर्षांच्या, आणि अख्ख्या युरोपासाठी युरॅक्सेस ही साइट आहे. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी योजनेतल्या डॉक्टरल नेटवर्कमध्येही जागा निघतात, पण तिथे मागच्या 36 महिन्यांत, जागा ज्या देशात आहे तिथे तू 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावास, तुला तो प्रश्नच नाही म्हणा. शोधताना ‘कॉम्प्युटेशनल’ एवढंच टाकू नकोस, ‘फायनाइट एलिमेंट’, ‘डिस्कंटिन्युअस गॅलर्किन’, ‘अनसर्टन्टी क्वांटिफिकेशन’ असं मेथडचं नाव टाक, कारण तुला हवी ती जागा भूगर्भशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्येही सापडू शकते.

आता चुकतंय काय. फ्लुएंट येतं हे सगळेच लिहितात रे. बटणं दाबता येतात एवढंच त्यातून कळतं. माझ्या इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न होता, एक मितीतलं हीट इक्वेशन (उष्णता कशी पसरते त्याचं समीकरण) एक्सप्लिसिट पद्धतीने, म्हणजे आधीच्या क्षणाच्या आकड्यांवरून थेट पुढचा क्षण काढत, सोडवताना r (डिफ्युझिव्हिटी गुणिले वेळेची पायरी, भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग) 0.5 च्या वर गेला तर काय होतं? मी नशिबाने घरी तो घोळ घातलेला होता, r 0.51 ठेवला आणि सुरुवातीला सगळं छान चाललेलं, मग ग्राफला करवतीसारखे दात आले आणि आकडे कुठच्या कुठे गेले, तेच सांगितलं, आणि पुढची 20 मिनिटं त्यावरच बोलणं झालं.

म्हणून महिनाभर मेल बंद. स्वतः पायथनमध्ये छोटा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम लिही, लिड-ड्रिव्हन कॅव्हिटी (वरचं झाकण सरकतं अशा चौकोनी डब्यातल्या प्रवाहाचं ठरलेलं गणित) घे, घिया मंडळींच्या 1982 च्या पेपरमधल्या आकड्यांशी ताडून बघ. मग उत्तर माहीत असलेलं एखादं सोपं गणित घेऊन मेशच्या, म्हणजे गणिताच्या जाळीच्या, चौकटी अर्ध्या मापाच्या कर, मेथड सेकंड ऑर्डर असेल तर एरर चौपट कमी व्हायला हवी, नाही झाली तर का नाही ते शोध, बहुतेक वेळा बाउंड्रीवर घोळ असतो. हे सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर टाक.

आणि जर्मनीच कशाला? बंगळुरूला आयआयएससीचं कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस आहे, टीआयएफआरचं कॅम, म्हणजे गणिताचं सेंटर आहे. आपल्या पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानाची संस्था आहे, मान्सूनची मॉडेलं चालवतात ती शेवटी न्युमरिकल मेथड्सच. जेआरएफला, म्हणजे पीएचडी करतानाच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, 2023 पासून महिना 37,000 आहेत, घरभाडं वेगळं. गेट स्कोअर असेल तर ठेव हाताशी.

मेल लिहिशील तेव्हा पाच ओळी, त्यात त्यांच्या एका पेपरबद्दल एक नेमका प्रश्न आणि तुझ्या कोडची लिंक. जाहिरात असेल तर तिचा रेफरन्स नंबर सब्जेक्टमध्येच टाक, नाहीतर कुठल्या जागेसाठी लिहिलंयस तेच कळत नाही त्यांना.