अर्हता, पात्रता आणि सरकलेला रफार

मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलंय : ‘शिक्षकभरतीच्या फॉर्मात अर्हता वेगळी अन् पात्रता वेगळी विचारतात. डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, झालं म्हणजे मी पात्र झालेच ना? आणि शब्द अर्हता की अहर्ता?’

दुसऱ्याचं उत्तर आधी. अर्हता. रफार ‘ह’वर. परवाच सीताबर्डीत एका झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेला कागद पाहिला, ‘शैक्षणिक अहर्ता : डी.एड./बी.एड.’ रफार एक घर पुढे सरकला की भलतंच होतं. हर्ता म्हणजे हरण करणारा. म्हणजे अहर्ता झाला न पळवणारा! पोषण आहाराचा तांदूळ सांभाळणाऱ्या गुरुजींना तेही लागू पडेल म्हणा.

चूक जिभेची आहे. ‘र्’ला लागून ‘ह’ म्हणणं जड जातं. पाली भाषेनं मध्ये ‘अ’ घालून सोय करून घेतली. दीक्षाभूमीच्या या नागपुरात ते रूप सगळ्यांच्या कानावरचं आहे : ‘नमो तस्स भगवतो अरहतो’. तोच ‘अर्ह्’ धातू, योग्य असणे, मानास पात्र असणे. जैनांचे अरिहंतही त्याच घरचे. ‘अरहतो’ मनात म्हणा, र आधी, ह नंतर. रफार आपोआप जागेवर बसेल.

आता पात्रता. पात्र म्हणजे भांडं. सत्पात्री दान म्हणतो तेव्हा दिलेलं ज्याच्यात टिकेल असा माणूस अभिप्रेत असतो. म्हणून पात्रतेला नेहमी ‘कशासाठी?’ हा प्रश्न चिकटलेला असतो. अर्हता कमावून ठेवलेली असते. ताई, तुमचं डी.एल.एड. ही अर्हता. पात्रतेसाठी टीईटी, म्हणजेच शिक्षक पात्रता परीक्षा : खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण, पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी ७ वर्षांनी संपायची, २०२१ मध्ये ते आजीवन झालं. म्हणजे तोवर माणसाची अर्हता शाबूत आणि पात्रता मुदतबाह्य, असंही होऊ शकत होतं.

पण कायद्याची भाषा एवढी सोवळी नाही. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१० च्या अधिसूचनेत टीईटी उत्तीर्ण असणं हा किमान अर्हतेचाच भाग आहे. पात्रता अर्हतेच्या पोटात! १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ५ वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं, तेव्हा वीस-वीस वर्षं फळ्यासमोर काढलेली माणसं ‘आम्ही आजवर अपात्र होतो का?’ म्हणून चिडली. कायद्यानं अट घातली होती, त्यांना शब्द लागला.

जाता जाता : याच भरतीत तिसराही शब्द भेटेल, ‘अभियोग्यता’, इंग्रजीत अ‍ॅप्टिट्यूड. तिची २०० गुणांची चाचणी, पास-नापास नाही, गुणांवर पवित्र या सरकारी भरती-पोर्टलची यादी लागते. मला तो वाचताना दर वेळी अभियोग, म्हणजे खटलाच आठवतो. ‘कल’ हा साधा शब्द दहावीच्या पोरांच्या कलचाचणीत वापरून झालेला होता की!