ती ट्यूब आधी बाजूला ठेव

प्रिय मुली,

मेसेज वाचला. ‘मावशी, मला काही घाणेरडा आजार तर नाही ना?’ असं विचारलं आहेस. घाणेरडा अजिबात नाही. खालच्या बाजूला खाज, लघवी कातडीला लागली की झोंबणं, फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जाणं आणि त्याला फारसा वास नसणं, ही लक्षणं बहुतेक वेळा बुरशीच्या संसर्गाची असतात. ही कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी बायकांच्या अंगात एरवीही काही त्रास न देता असते. चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. हा लैंगिक आजारांत धरत नाहीत, लग्न न झालेल्या मुलींनाही होतो. तेव्हा कुणी भलतेसलते तर्क केले तर मनावर घेऊ नकोस.

घसा आला म्हणून मध्यंतरी अँटीबायोटिकचा कोर्स केलास ना, कारण तिथेच असावं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात, ते बुरशीला आवरून ठेवतात. अँटीबायोटिकने घशातल्या जंतूंबरोबर तेही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. गरोदरपणात आणि साखर वाढलेली असतानाही हे होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी मात्र क्वचितच, म्हणून लहान मुलीला खाज सुटली तर आधी जंत किंवा साबण असं दुसरं कारण शोधतात.

आता मेडिकलवाल्याने दिलेली ती ट्यूब. तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ‘छान औषध आहे’ असं मैत्रिणी एकमेकींना सांगतात. आत बुरशी वाढत राहते आणि कातडी पातळ होते. दुकानात अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते याची मला अजूनही चीड येते.

खरा इलाज साधा आहे. क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी, नाहीतर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची एकच गोळी. आत काही ठेवणं नको वाटत असेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांग. दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर पोटात घ्यायची गोळी मनाने घेऊ नकोस. स्राव पातळ, करडा आणि मासळीसारख्या वासाचा असेल, किंवा हिरवट-पिवळा फेसाळ असेल, तर दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. ओटीपोटात दुखणं, ताप किंवा फोड असतील तर त्याच दिवशी दाखव. वर्षात तीनदा-चारदा हेच झालं तर रक्तातली साखर तपासून घे.

डेटॉल, लिंबू, लसूण, दही यातलं काहीही आत घालायचं नाही. जाहिरातीतले सुगंधी वॉश म्हणजे पैशाचा चुराडा. बाहेरून साधं पाणी पुरे. हॉस्टेलच्या दोरीवर ओढणीखाली लपवून वाळत घातलेली चड्डी पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओलसर राहते. उन्हात घाल. कुणी बघितलं तर बघू दे.

खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात ‘मैत्री’ क्लिनिकची चौकशी कर, ते १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं. आणि तिथे किंवा कुठेही ‘लग्न झालंय का?’ असं विचारलं, तर त्यांना शरीरसंबंध आले आहेत का एवढंच हवं असतं. खरं काय ते सांग, औषध त्यावर ठरतं. आई बरोबर असेल आणि तिच्यासमोर बोलता येत नसेल, तर ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय’ असं म्हण. ती अर्धी वापरलेली ट्यूबही पिशवीत टाकून ने, म्हणजे काय लावलं होतं ते डॉक्टरांना कळेल.

तुझी,
मावशी