मालदीव एवढं पैसेवालं, मग सारखं रडतं कशाला?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ तीन वर्षं मालदीवला रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे. तो सांगतो एकेका रूमचं रात्रीचं भाडं म्हणजे आपली वर्षाची होडीची डागडुजी. आणि बातम्यांत बघावं तर हेच लोक मदत मागत असतात, बेटं बुडणार म्हणून. नक्की खरं काय?
– एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : दादा, दोन्ही खरं आहे. आणि देवबागच्या माणसाला हे समजायला काही जड नाही, एका बाजूला कर्ली नदी दुसऱ्या बाजूला दर्या, मधे वाळूची पट्टी. तुमच्या बावीचं पाणी गोडं का लागतं माहितीये? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पुस्तकी हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट असतं, म्हणजे पंप लावून वरचं थोडं जास्त उपसलं की खालून खारं भराभर वर चढतं आणि बाव मचूळ. मालदीवची बेटं अशीच, बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरसुद्धा उंच नाही. त्यामुळे बेट बुडायच्या खूप आधी पाणी जातं, फोटोत मात्र ते दिसत नाही.

मग समुद्राचं पाणी मशीनने गोडं करायचं. ते मशीन चालतं बहुतेक बाहेरून आणलेल्या डिझेलवर. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेच्या अशाच पाण्याच्या प्लांटला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे, तेव्हा आपल्या एअरफोर्सने विमानाने पाणी पोचवलं. देवबागची बाव खारावली तर टँकर तरी येतो हो, त्यांच्याकडे टँकर यायला रस्ताच नाही.

आता पैशाचं. २० डिसेंबर २००४ ला युनोने ठरवलं की मालदीव आता अल्पविकसित देशांच्या (म्हणजे ज्यांना मदतीत सवलत मिळते त्या गरीब देशांच्या) यादीतून बाहेर, कारण कमाई वाढली. सहाच दिवसांनी त्सुनामी आली आणि नुकसान देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या ६२ टक्क्यांच्या आसपास! (नाव काढायची वेळ लांबवली मग, २०११ ला काढलं.) कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाचं तर २०१७ च्या मारिया वादळात वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त गेलं. निसर्ग वादळात आपल्या रायगड-रत्नागिरीच्या वाड्या आडव्या झाल्या, पण मागे अख्खा महाराष्ट्र उभा होता, नागपूरच्या टॅक्समधूनही पैसा येतो. बेटाच्या देशाला नागपूर नाही.

आणि स्वस्त कर्ज देताना जागतिक बँकेसारख्या बँका बघतात काय, तर मुख्यतः माणशी उत्पन्न. रिसॉर्टच्या भाड्याने ते फुगलेलं, म्हणून स्वस्त कर्ज मिळणं अवघड. मला हा चक्क अडाणी हिशोब वाटतो. बेटवाल्यांनी वर्षानुवर्षं भांडून २०२४ मध्ये युनोकडून धोका मोजायचा वेगळा निर्देशांक मान्य करून घेतलाय खरा, पण बँका तो वापरणार का हे त्या बँकांच्या हातात.

भावाला फोनवर एकदा विचारा, तुमच्या रिसॉर्टचं पाणी बनवायचं मशीन बंद पडलं तर टाकी किती दिवस पुरते. किचनवाल्याला बरोबर माहीत असतं.